शके ९८२: शिलाहारांच्या कोकणातील एक वर्ष

मध्ययुगीन महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना राजघराण्यांच्या लढाया एका प्रकरणात, देवधर्म दुसऱ्यात आणि मंदिरे-मूर्ती तिसऱ्यात अशी वाटणी करण्याची रीत रूढ आहे आणि अभ्यासाच्या सोयीसाठी ती चालूनही जाते; परंतु अकराव्या शतकातील उत्तर कोकणाकडे पाहताना ही वाटणी टिकत नाही, कारण त्या काळी देवालय उभारणे हे राजकारणच होते, राजगुरूचे नाव शिलालेखात कोरणे हा राज्यकारभाराचा भाग होता आणि शिखराची घडण कोणत्या प्रांतातून आली यावरून राजाचे शेजाऱ्यांशी असलेले संबंध ओळखता येतात. या तिन्ही गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या होत्या हे पाहण्यासाठी शके ९८२ हे वर्ष विशेष उपयोगी आहे. शालिवाहन शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, त्या हिशेबाने हे वर्ष इ. स. १०६० मध्ये सुरू होते. याच शकवर्षाची नोंद असलेले दोन लेख कोकणात सापडले असून त्यांपैकी एक अंबरनाथच्या शिवालयात दगडावर कोरलेला आहे, तर दुसरा दिवेआगर येथे मिळालेल्या तांब्याच्या पत्र्यावर आहे. पहिला राजाचा आणि संस्कृतातला, दुसरा गावाचा आणि मराठीतला आहे.

या दोन स्थळांच्या मधल्या प्रदेशात आजचे पनवेल येते. अंबरनाथ पनवेलच्या उत्तरेला सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर, वालधुनी नदीच्या काठी आहे; दिवेआगर दक्षिणेला, श्रीवर्धन तालुक्यातील समुद्रकिनाऱ्यावर आहे. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला चौलचे बंदर आणि पाठीशी बोरघाटाची चढण अशी या टापूची रचना असल्यामुळे गलबतातून उतरलेला माल घाटमाथ्यावर आणि घाटमाथ्यावरचा माल बंदरात नेणारी वाट येथूनच जाई. जवळच्या उरण तालुक्यात चांजे व रानवड येथे शिलाहारांचे शिलालेख मिळालेले आहेत. ते आपल्या वर्षानंतरचे असले, तरी या घराण्याचा अंमल पनवेलच्या परिसरात किती खोल रुजला होता हे त्यांवरून दिसते.

शिलाहार हे मुळात राष्ट्रकूटांचे सामंत होते. सामंत म्हणजे मोठ्या सम्राटाचे स्वामित्व मान्य करून आपल्या मुलखाचा कारभार पाहणारा राजा. नवव्या शतकाच्या प्रारंभी राष्ट्रकूटांनी कोकण त्यांच्याकडे सोपवले आणि पुढे जवळजवळ साडेचारशे वर्षे उत्तर कोकणाची सत्ता या एकाच घराण्यात राहिली. ते स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत, ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी लावून मराठवाड्यातील तेर या प्राचीन नगराशी नाते सांगत आणि सुवर्णगरुडाचे चिन्ह असलेला ध्वज मिरवीत. त्यांच्या राज्याचे वर्णन पुरी ही प्रमुख नगरी असलेली चौदाशे गावे असे केलेले आढळते. ही पुरी म्हणजे घारापुरी की मुरूडजवळची राजपुरी, यावर अभ्यासकांत वाद असला तरी अकराव्या शतकात कारभाराचे मोठे केंद्र स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हेच होते. अल्बिरूनीनेही आपल्या ग्रंथात, इ. स. १०३० च्या सुमारास, कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचे नाव घेतले आहे.

इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता कोसळली आणि दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य आले. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिचा संबंध नाही. या बदलानंतर कोकणच्या शिलाहारांनी घेतलेली भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. अपराजित या राजाचा शके ९१९ चा, म्हणजे इ. स. ९९७ चा, भिवंडीजवळच्या भादाणे गावाच्या दानाचा ताम्रपट उपलब्ध असून त्यात नष्ट झालेल्या राष्ट्रकूटांची वंशावळ आदराने दिलेली आहे आणि त्यांच्या राज्याच्या अस्ताबद्दल खेदही व्यक्त केला आहे. नवा सम्राट कोण याचा उच्चार मात्र नाही. जुन्या स्वामीची आठवण जपायची आणि नव्या स्वामीविषयी मौन पाळायचे, हे धोरण लहान राज्याला परवडण्याजोगे नव्हते. तरीही डोंगर आणि समुद्र यांच्या आधाराने शिलाहारांनी ते काही काळ चालवले.

या धोरणाची किंमत लवकरच मोजावी लागली. माळव्याचा परमार राजा भोज याने इ. स. १०२० मध्ये कोकणावर स्वारी केली. ‘कोकणविजयपर्वा’च्या निमित्ताने त्याने दिलेल्या दानाचा बांसवाडा येथील ताम्रपट आणि कोकण ताब्यात घेतल्याच्या विजयपर्वाचा बेटमा येथील ताम्रपट, असे त्याच वर्षातले दोन पुरावे या स्वारीसंबंधी आहेत. चारच वर्षांनी, इ. स. १०२४ च्या मिरज ताम्रपटात, चालुक्य जयसिंह दुसरा हा सप्तकोकणाच्या अधिपतींना जिंकल्याचे सांगतो. माळवा आणि कर्नाटक या दोन बलाढ्य सत्तांच्या ओढाताणीत सापडलेल्या ठाण्याच्या दरबाराने यातून काय शिकावे ते शिकले. छित्तराज या राजाच्या शके ९४८ च्या, म्हणजे इ. स. १०२६ च्या, भांडुप ताम्रपटात मंत्र्यांची यादी आहे. तीत नागणैय हा महामात्य आणि सीहपैय हा सांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि युद्ध यांचे खाते सांभाळणारा मंत्री, यांच्याबरोबर कपर्दी या नावाचा स्वतंत्र ‘कर्णाट-सांधिविग्रहिक’ आढळतो. एका शेजाऱ्याशी व्यवहार करण्यासाठी स्वतंत्र मंत्री नेमावा लागावा, यावरून चालुक्यांचा धाक किती होता याची कल्पना येते. मंत्र्यांच्या नावांतील ‘ऐय’ हा शेवट कानडी वळणाचा आहे, म्हणजे ठाण्याच्या कचेरीत कानडी मुलखातून आलेली घराणी वजन राखून होती हेही त्याच यादीतून कळते.

छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले. मुम्मुणीलाच लेखांत माम्वाणी असेही म्हटले आहे. इ. स. १०४५ च्या आसपास त्याची कारकीर्द सुरू झाली, तेव्हा थोरल्या भावांच्या काळातील स्वाऱ्यांच्या जखमा ताज्या होत्या आणि पुतणे वयात येत होते. मुम्मुणीने लढाईपेक्षा सोयरिकीवर भर दिला असावा. गोव्याच्या कदंबांसंबंधीची धारवाडजवळच्या नरेंद्र येथील शिलालेखातील एक हकीकत या दृष्टीने फार बोलकी आहे. कदंब राजा षष्ठदेव हा समुद्रमार्गे जहाजांचा ताफा घेऊन उत्तरेकडे निघाला असता ठाण्याच्या मुम्मुणीने त्याला सामोरे जाऊन आपल्या राजवाड्यात आणले, आपली कन्या त्याला दिली आणि जावयाला पाच लक्ष सुवर्णमुद्रा अर्पण केल्या, असे त्या लेखात म्हटले आहे. हा लेख इ. स. ११२५ चा आणि कदंबांचा गौरव करणारा असल्यामुळे आकड्यात अतिशयोक्ती असू शकेल. पण आरमार बाळगणाऱ्या दक्षिणेच्या शेजाऱ्याला लग्नसंबंधाने बांधून घेण्याचा हिशेब त्यातून स्पष्ट दिसतो.

इ. स. १०६० च्या सुमारास आजूबाजूची परिस्थिती मुम्मुणीला काहीशी अनुकूल झाली होती. भोज इ. स. १०५५ च्या सुमारास मरण पावला होता आणि माळव्यात वारसाहक्काचा गोंधळ माजला होता. चालुक्य सम्राट सोमेश्वर पहिला याचे सारे लक्ष दक्षिणेकडे, चोळांशी चाललेल्या संघर्षाकडे होते. इ. स. १०५४ मध्ये कोप्पमच्या लढाईत चोळ सम्राट राजाधिराज रणांगणावर पडला, तरी विजय चोळांच्याच पदरात गेला आणि सोमेश्वराला पुढची कित्येक वर्षे तुंगभद्रेच्या परिसरात अडकून राहावे लागले. गुजरातेत भीमदेव चौलुक्य राज्य करीत होता. मोठ्या सत्ता परस्परांत किंवा स्वतःच्या घरात गुंतल्या की मांडलिकाला मोकळा श्वास मिळतो, आणि अंबरनाथचे शिवालय त्या मोकळिकीत पूर्णत्वाला गेले.

देवळाच्या उत्तरेकडील दरवाजाच्या आतल्या बाजूस, तुळईवर, हा शिलालेख कोरलेला आहे. शके ९८२ मधील श्रावण महिन्याच्या शुद्ध पक्षातील त्याची तिथी आहे. प्रारंभी माम्वाणिराजाच्या पदव्या येतात. त्यांत ‘महामंडलेश्वर’ ही पदवी आणि ‘पंचमहाशब्द’ लाभल्याचा निर्देश आहे. पाच विशिष्ट मंगल वाद्ये वाजवून घेण्याचा मान म्हणजे पंचमहाशब्द. हा मान सम्राट आपल्या निवडक सामंतांना देत असे, त्यामुळे ही पदवी एकाच वेळी राजाचा मोठेपणा आणि त्याचे मांडलिकत्व दोन्ही सांगते. त्यानंतर मंत्र्यांची नावे, राजगुरूंचा उल्लेख आणि आम्रनाथाच्या, म्हणजे अंबरनाथच्या, देवालयाची हकीकत येते. या हकीकतीत छित्तराजदेवाचे नाव आहे. त्यावरून थोरल्या भावाने आरंभलेले काम धाकट्याने तडीस नेले असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात, तर काहींच्या मते दिवंगत भावाच्या स्मरणार्थ हे देवालय उभारले गेले. दोन्ही अर्थांत एक समान सूत्र आहे. गादीवर बसलेला तिसरा भाऊ पहिल्या भावाचे नाव दगडावर कोरतो, तेव्हा घराणे अखंड आहे आणि सत्ता योग्य हाती आली आहे हे तो प्रजेला, मंत्र्यांना आणि विशेषतः पुतण्यांना सांगत असतो. हा हेतू ध्यानात घेतल्याशिवाय अंबरनाथच्या लेखाचे वाचन अपुरे राहील.

ज्या धर्मजीवनात हे देवालय उभे राहिले ते शैवप्रधान होते. शिलाहारांपैकी झंझ या दहाव्या शतकातील राजाने शंकराची बारा देवालये बांधल्याचे त्याच्या वंशजांचे ताम्रपट सांगतात. परंतु शैवप्रधान याचा अर्थ एकपंथी असा नव्हे. अपराजिताच्या ज्या ताम्रपटाचा वर उल्लेख आला, त्यातील दान लोनाड येथील लोणादित्य या सूर्यदेवतेला दिलेले आहे. साष्टी बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातील शिलाहारांच्या कारकिर्दीत बौद्ध भिक्खूंसाठी दाने दिली गेली आणि त्यांपैकी एक दाता थेट गौड देशातून, म्हणजे बंगालमधून, आलेला होता. त्याच लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. ते झरथुष्ट्राच्या अनुयायांनी, म्हणजे पारशांनी, कोरलेले आहेत. त्याआधी शतकभर, इ. स. ९१५-१६ च्या सुमारास, अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला होता आणि तेथे सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असून त्यांच्यापैकीच एक प्रमुख त्यांचे तंटे सोडवतो असे त्याने लिहून ठेवले आहे. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात तर संजाणच्या मुलखाचा अरब अधिकारी मुहम्मद याच्या अमदानीत तेथील देवीच्या मठिकेला, म्हणजे लहान मठाला, दान दिल्याची नोंद आहे. पुढे छित्तराजाचा सामंत चामुंडराज याने शके ९५६ मध्ये, म्हणजे इ. स. १०३४ मध्ये, त्याच देवीच्या दिव्यासाठी एक तेलघाणा लावून दिला.

ही सहिष्णुता केवळ उदारबुद्धीतून आली असे मानणे भाबडेपणाचे होईल, आणि ती निव्वळ व्यापारी स्वार्थातून आली असे म्हणणे अन्यायाचे. बंदरांवरील जकात हा शिलाहारांच्या तिजोरीचा मोठा आधार होता. मुम्मुणीचा पुतण्या अनंतदेव याच्या शके १०१६ च्या, म्हणजे इ. स. १०९४ च्या, खारेपाटण ताम्रपटात स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांत भाभण आणि धणाम या दोन भावांच्या गलबतांना जकात माफ केल्याचे नमूद आहे. शूर्पारक म्हणजे नालासोपाऱ्याजवळचे सोपारे आणि चेमुली म्हणजे चौल. यातील नागपूर हे कोकण किनाऱ्यावरचे असून विदर्भातील शहराशी त्याचा संबंध नाही. हे दोघे भाऊ श्रेष्ठी म्हणजे बडे व्यापारी होते, आणि तेच राज्याचे मंत्रीही होते. जेथे मंत्री स्वतः गलबते चालवतो, तेथे परदेशी व्यापाऱ्याच्या उपासनेत कोणी सहसा ढवळाढवळ करीत नाही. परंतु घाण्याच्या तेलातून देवीपुढे जळणारा दिवा आणि लेण्याच्या भिंतीवर कोरलेली परक्या लिपीतील नावे यांमागे खरी श्रद्धाही होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळावे. अंबरनाथचे शिवालय पश्चिमाभिमुख असून काळ्या बेसॉल्ट दगडात बांधलेले आहे. बेसॉल्ट म्हणजे सह्याद्री ज्या थिजलेल्या लाव्हाचा बनला आहे तो कठीण खडक. संगमरवरात किंवा वालुकाश्मात जी बारीक कलाकुसर सहज साधते, ती या दगडात साधण्यासाठी कारागिराला कितीतरी अधिक कष्ट घ्यावे लागतात. देवळाचे दोन मुख्य भाग आहेत. पुढचा सभामंडप आतून सुमारे तेवीस फूट चौरस असून त्याला पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा तीन दिशांना अर्धमंडप आहेत, म्हणजे खांबांवर तोललेल्या पडव्या. मागे गर्भगृह आहे, परंतु त्यात जाण्यासाठी चढावे लागत नाही, उतरावे लागते. मंडपाच्या पातळीपासून पायऱ्या खाली जातात आणि भूतलाच्या खाली असलेल्या लहानशा चौरस जागेत शिवलिंग दिसते. शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नसल्यामुळे गर्भगृहावर थेट आकाश उघडे आहे.

या शिखराची शैली हा कलेच्या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. तिला ‘भूमिज’ म्हणतात. भूमिज शिखराच्या चारही बाजूंना मधोमध पायथ्यापासून वर जाणारा एक नक्षीदार पट्टा असतो, त्याला लता म्हणतात. दोन लतांमधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती आडव्या ओळींनी रचलेल्या असतात आणि वर जाताना त्या लहान लहान होत जातात. या ओळींना भूमी म्हणजे मजले मानले जाते. मंदिराचा तळविन्यास अनेक कोनांचा ठेवून भिंत पुढे-मागे दुमडत नेल्यामुळे उन्हाच्या प्रत्येक प्रहरी वेगवेगळ्या कडा उजळतात. ही शैली माळव्यात बहरली, आणि ‘समरांगणसूत्रधार’ या भोजाच्या नावावर असलेल्या वास्तुग्रंथात तिचे विवेचन आहे. माळव्यातील भूमिज मंदिरांत मुकुटमणी मानले जाणारे विदिशा जिल्ह्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर इ. स. १०८० मध्ये पूर्ण झाले, म्हणजे अंबरनाथनंतर वीस वर्षांनी. निश्चित तारीख ज्ञात असलेल्या भूमिज मंदिरांत अंबरनाथ अगदी पहिल्या काहींत मोडते, ते यामुळे.

भोजाच्या सैन्याने ज्या कोकणावर स्वारी केली, त्याच कोकणात चाळीस वर्षांनी भोजाच्या देशातील शिखर उभे राहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सैन्याबरोबर केवळ लुटारू येत नाहीत, माणसांच्या ओळखीही येतात. आणि मोठ्या राज्याचा आश्रय डळमळला की तेथील सूत्रधार व पाथरवट काम असेल तेथे जातात. अंबरनाथचे कारागीर माळव्यातून आले की तेथील पद्धत शिकलेले इकडचेच होते, या प्रश्नाचे उत्तर घडणीतच शोधावे लागते, आणि घडण पाहता दोन्ही हातांचा मिलाफ झाला असावा असे वाटते, कारण शिखराचे गणित माळव्याचे असले तरी दगड, त्याची हाताळणी आणि बाह्यांगावरील मूर्तींची दाटी ही दख्खनची आहे. पुढे सिन्नरच्या गोंदेश्वरापर्यंत महाराष्ट्रात भूमिज मंदिरांची जी परंपरा चालली, तिच्या आरंभाजवळ अंबरनाथ उभे आहे. या साऱ्या मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही; परंतु हेमाद्री हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकात झाला, म्हणजे अंबरनाथचा लेख कोरला गेल्यानंतर दोनशे वर्षांनी, आणि त्याच्या नावाने या देवळाची ओळख करून देणे हे मुम्मुणीच्या कारागिरांवर अन्याय करण्यासारखे आहे.

बाह्य भिंतींवर तळाशी हत्तींचे आणि कीर्तिमुखांचे थर आहेत आणि वरच्या कोनाड्यांत देवदेवता, सुरसुंदरी व तपस्वी यांच्या मूर्ती आहेत. शिवपार्वतीचा विवाह आहे, गजासुराचा संहार करणारा शिव आहे, महाकाली आहे, आणि हरिहरपितामहार्क या नावाने ओळखली जाणारी संयुक्त मूर्ती आहे. तीत विष्णू, शिव, ब्रह्मा आणि सूर्य हे चौघे एका देहात एकवटलेले आहेत. ही मूर्ती शैव देवळावर असण्यात त्या काळच्या धर्मविचाराचे सार आहे, कारण इतर देवांना नाकारण्याऐवजी त्यांना शिवाच्या परिवारात सामावून घेण्याची भूमिका तीतून दिसते. आणि लोनाडच्या सूर्यदेवतेला दान देणाऱ्या घराण्याच्या वंशजांनी बांधलेल्या देवळावर सूर्य शिवाशी एकरूप होऊन यावा, हे त्या भूमिकेला साजेसेच आहे. देवळावर यती आणि साधकांच्या आकृतीही मोठ्या संख्येने आहेत. अंबरनाथवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या कुमुद कानिटकर यांनी या मूर्तिरचनेचा संबंध शैवसिद्धान्त या आगमपरंपरेशी जोडला आहे. दीक्षा, गुरू आणि क्रमाक्रमाने होणारी साधना यांना या परंपरेत मध्यवर्ती स्थान होते. राजगुरूंचा उल्लेख राजलेखात का यावा, याचा उलगडा या दिशेने होतो. राजाला दीक्षा देणारा गुरू त्याच्या राज्याधिकाराला धार्मिक अधिष्ठान देत असे, आणि चालुक्य सम्राटाकडून मिळालेल्या मानापेक्षा हे अधिष्ठान राजाला अधिक आपले वाटत असावे.

त्याच दरबारात साहित्यालाही स्थान होते. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, आलेला सोड्ढल हा कायस्थ कवी ठाण्यास राहिला आणि छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणी या तिन्ही भावांनी आपला सन्मान केल्याचे त्याने ‘उदयसुंदरीकथा’ या गद्यपद्यमिश्रित संस्कृत काव्यात सांगितले आहे. बाणभट्ट हा त्याचा आदर्श होता. अकराव्या शतकातील कोकण म्हणजे खाडीकाठची झोपडी आणि मिठागर एवढेच चित्र ज्यांच्या मनात असेल, त्यांनी सोड्ढलाच्या वर्णनशैलीतील पांडित्याची जरूर दखल घ्यावी, कारण असे काव्य लिहिणारा कवी ऐकणाऱ्यांच्या भरवशावरच लिहितो.

आणि तरीही या वर्षाचा दुसरा लेख संस्कृतात नाही. दिवेआगर हे नारळी-पोफळीच्या आगरांचे आणि वेदविद्येची परंपरा असलेल्या ब्राह्मण घराण्यांचे गाव. तेथे मिळालेला शके ९८२ चा ताम्रपट आकाराने लहान, मजकुराने थोडका आणि भाषेने मराठी आहे. त्यात लांबलचक राजप्रशस्ती नाही, अलंकारिक श्लोक नाहीत. गावातील प्रतिष्ठितांची नावे आणि सोन्याच्या ठेवीसंबंधीची व्यवस्था असा त्याचा व्यवहारी विषय आहे. त्यातील घैसास आणि षडंगवी अशी उपपदे वेदाध्ययनाशी निगडित आहेत, वेदाची सहा अंगे जाणणारा तो षडंगवी; आणि त्यांपैकी घैसास हे आडनाव कोकणात आजही चालते. ज्यांचा जन्म संस्कृत पठणात गेला, त्या लोकांनी पैशाच्या व्यवहाराची कायमची नोंद करताना मराठी निवडली, कारण ठेव कोणाची, जबाबदारी कोणाची, हे गावातल्या प्रत्येकाला कळणे आवश्यक होते.

मराठीच्या इतिहासात या पत्र्याचे स्थान फार वरचे आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या मराठी ओळी नेमक्या कोणत्या वर्षीच्या, याविषयी वाद आहे. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेखाचे वर्ष शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ असे वाचले, पण तो लेख त्यानंतरचा मानणारे अभ्यासकही आहेत. मराठीतील सर्वांत जुना कालनिर्दिष्ट ताम्रपट म्हणून मात्र दिवेआगरच्या पत्र्याकडेच बोट दाखवले जाते. मुम्मुणीच्या मंत्र्यांची नावे कानडी वळणाची, त्याच्या कवीची भाषा संस्कृत, त्याच्या देवळाचे शिखर माळव्याचे, आणि त्याच वेळी त्याच्या किनाऱ्यावरील एका आगरात लोक आपला हिशेब मराठीत तांब्यावर कोरून ठेवत होते. दरबाराची भाषा आणि लोकांची भाषा यांतील हे अंतर भरून निघायला पुढे दोन शतके लागली, परंतु त्याची सुरुवात राजाज्ञेने झाली नाही, व्यवहाराच्या गरजेने झाली, एवढे या पत्र्यावरून ठामपणे म्हणता येते.

मुम्मुणीचा शेवट चांगला झाला नसावा. त्याच्यानंतर इ. स. १०७० च्या सुमारास कोकणात भाऊबंदकी माजली, परकीय सैन्य शिरले आणि प्रदेश उद्ध्वस्त झाला, असे अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटावरूनच कळते. गोव्याचा कदंब राजा जयकेशी पहिला याने कपर्दिकाद्वीपाच्या, म्हणजे उत्तर कोकणाच्या, राजाला ठार केल्याचे कदंबांचे लेख सांगतात आणि तो राजा मुम्मुणीच असावा असे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी मानले आहे. हा जयकेशी त्याच षष्ठदेवाचा मुलगा, ज्याला मुम्मुणीने कन्या आणि सोने देऊन जोडून घेतले होते. सोयरिकीचे राजकारण एक पिढीही पुरले नाही. शिलाहारांची सत्ता मात्र त्यानंतरही टिकली आणि इ. स. १२६५ च्या सुमारास यादव महादेवाने शेवटचा राजा सोमेश्वर याचा पराभव केला तेव्हाच ती संपली.

अंबरनाथच्या लेखाचे वर्ष आज जितके निश्चित वाटते तितके ते आरंभी नव्हते. इ. स. १८६८ मध्ये मुंबई सरकारने या देवळाची छायाचित्रे, रेखाटने आणि मूर्तींचे साचे करून घेण्याचे काम काढले आणि सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेचे प्रमुख टेरी यांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी ते पार पाडले. डॉ. भाऊ दाजी यांनी शिलालेखाचे वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी शकाचा पहिला अंक सात असा वाचला आणि त्यामुळे देऊळ इ. स. ८६० चे ठरले. पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी तो अंक नऊ असल्याचे दाखवून दिले. एका अंकाच्या दुरुस्तीने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले, छित्तराज आणि माम्वाणी यांचा ताम्रपटांतील कालक्रम जुळला आणि भूमिज शैलीच्या प्रसाराचा इतिहासही सुसंगत झाला. दिवेआगरच्या पत्र्याचे महत्त्व विद्वानांसमोर यायला तर विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. मोरेश्वर दीक्षितांसारख्या संशोधकांनी असे लेख मिळवून, वाचून छापले म्हणूनच शके ९८२ ची ही दुसरी बाजू आज मांडता येते.

रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील कितीतरी गावांच्या शिवेवर, देवळांच्या आवारात आणि विहिरींच्या काठांवर अक्षरे कोरलेले दगड आणि गद्धेगाळ अजून पडून आहेत. गद्धेगाळ म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्राने दिलेला शाप कोरलेला दगड. शेंदूर, तैलरंग आणि सिमेंट यांच्या थरांखाली त्यांची अक्षरे दिवसेंदिवस बुजत चालली आहेत. पनवेलच्या आसपासच्या वाचकांना असा एखादा दगड ठाऊक असेल, तर त्यांनी तो रंगवू देऊ नये, हलवू देऊ नये, त्याचे स्वच्छ उजेडातले छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवावे.